पुढील आदेश येईपर्यंत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपत नाही. सांगायला बसलो की मी दुसरंच काहीतरी सांगतो, बँकेतल्या गमती सांगतो. आताही बघा, सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

कदम गुरुजींपासून करतो. देवगाव फाट्याजवळच्या आमच्या गावात ते मास्तर होते. बौद्धवाड्यातून शाळेत जाणारे आम्ही दोघं-तिघंच, आणि त्यातला मी दर चार दिवसांनी दांडी मारणारा. गुरुजी मला शोधत घरी यायचे, ओट्यावर बसून माझ्या बापाशी बोलायचे, आमच्या घरचा चहा प्यायचे. त्या काळी ते सोपं नव्हतं. मी शिकलो, सेलूला बँकेत कारकून झालो, तो त्यांच्यामुळे. उपकार म्हणून सांगत नाही — मला ते फार आवडायचे, एवढंच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बँका सरकारी होऊन काही वर्षं झाली होती आणि आमची शाखा शिकणाऱ्या मुलांना कर्ज द्यायची. गुरुजींच्या लेकीचा, मंगलचा डॉक्टरकीला नंबर लागला. गावातली एकही मुलगी तोवर सेलूच्या पुढे शिकायला गेली नव्हती. गुरुजी अर्ज घेऊन आले ते हसतच. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना सांगितलं, "हा माझा विद्यार्थी हाय." मी मान खाली घालून खतावणी लिहीत राहिलो, पण कान तिकडेच होते.

पुढच्याच आठवड्यात वरून पत्रक आलं. शिक्षणासाठीची कर्जं पुढील आदेश येईपर्यंत बंद. साहेब म्हणाले, गुरुजी तुमचे आहेत, तुम्हीच सांगा. बँकेत काम केलेल्या माणसाला या शब्दांचा अर्थ कळतो. तो आदेश सहसा येत नसतो. मला कळला नव्हता का? चांगला कळला होता.

बाजाराच्या दिवशी गुरुजी आले. मी म्हणालो, आदेश यायचाय.

हे खोटं होतं का? शब्दाला शब्द लावला तर नव्हतं. कितीतरी वर्षं मी या एवढ्याशा आडोशाला अंग चोरून बसलो होतो. पण माझा गुन्हा हा नाही. तो पुढेच आहे — आणि तिथं आलं की माझी जीभ अडते.

गुरुजी दर बाजाराला येत राहिले. बाकावर बसायचे, मी मान हलवली की उठून जायचे. एकदा त्यांनी पिशवीतून दुसराच कागद काढला. शिक्षकांच्या पतपेढीचा अर्ज होता. तिथं त्यांचं काम नक्की झालं असतं. म्हणाले, "हे बी करून ठिवू का? फीची तारीख जवळ यायलीय."

मी म्हणालो, "कशाला, गुरुजी? आपलं काम होतंय. थांबा थोडं."

का म्हणालो? पतपेढीकडे जा म्हटलं असतं, तर माझ्याच्यानं काही होत नाही हे कबूल करावं लागलं असतं. त्यांचा विद्यार्थी नुसता कारकून आहे, हे. त्या बाकावरून ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचे, ती नजर मला सोडवेना. त्यांनी कागदाची घडी केली आणि पिशवीत परत ठेवला. मी समोर उभा राहून बघितलं.

फीची तारीख गेली. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मंगल मास्तरीण झाली, जिंतूरकडे एका शाळेत लागली.

त्यानंतर गुरुजी एकदा शाखेत आले. आता विचारतील, असं वाटलं. विचारावं, असंही वाटत होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तोंड कशाला पाडायलास? तू लय केलंस आमच्यासाठी. वरनंच बंद केलं, त्याला तू काय करणार?" गुरुजींच्या घरून बाईंनी माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू पाठवले होते. मी डबा घेतला. लाडू खाल्लेही — चांगले झाले होते.

गुरुजी गेले, त्याला बरीच वर्षं झाली. ते जाईपर्यंत गावात कुणाचंही बँकेचं काम निघालं की माझ्याकडे पाठवायचे.

गेल्या दिवाळीत मंगल घरी आली होती. केस पांढरे झालेत, आवाज मात्र वर्गात शिकवल्यासारखा मोठा. माझ्या नातीला जवळ घेऊन म्हणाली, "तुझ्या आजोबानं माझ्या शिक्षणासाठी लय धडपड केली बरं का. आमचे दादा, म्हणजे यांचे गुरुजी, अखेरपर्यंत यांचं नाव काढायचे." नात माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली.

मी म्हणालो, "अगं, ते माझं कर्तव्यच होतं."