सोनेरी दुरडी

‘टाकाऊतून टिकाऊ’ असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं.

भोकरदनहून धावड्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावातल्या शाळेत मी चित्रकला शिकवतो. दरवर्षी तालुक्याला पर्यावरणपूरक कलावस्तूंचं प्रदर्शन भरतं आणि ते जवळ आलं की गावात कचऱ्याची टंचाई होते. खरंच होते. पालक थंड पेयाच्या भरलेल्या बाटल्या विकत आणतात, आतलं मोरीत ओततात आणि बाटलीची फुलदाणी करून लेकराच्या हातात देतात. एकाने तर ठिबकची कोरी नळी कापून झुंबर केलं होतं. मी विचारलं, तर म्हणाला, “जुनी नळी चांगली न्हाई दिसत, सर.” मी कपाळाला हात लावला.

मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने दुरडी आणली. तिच्या घरचे पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचे, आता कोरडवाहू शेती करतात. दुरडी आईने तुरीच्या फोकांची विणलेली, वर कागदाचा लगदा आणि मेथीचं वाटण लावून गुळगुळीत लिंपलेली. कागद मुलीच्याच जुन्या वह्यांचा. एका जागी तो नीट भिजला नव्हता, तिथे माझी लाल शाईतली अर्धी सही दिसत होती. मी खूश झालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरी वस्तू आणली होती.

“आई म्हणली, झालं की जल्दी वापस आन,” मुलीने मला दोनदा सांगितलं. “भाकरी ठेवायला घरात दुसरी न्हाई.”

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक बघायला आले. “हे काय भाकरीचं टोपलं मांडलं, सर? जरा उठाव द्या की त्याला. नंबर आला पाहिजे.”

मी नाही म्हणायला हवं होतं. जन्मभर परीक्षकांना नावं ठेवली आणि नंबराचं नाव निघताच पाघळलो. सोनेरी रंगाचा स्प्रे आणला, आतबाहेर मारला, काठाला चमकी चिकटवली आणि थर्माकोलच्या पाटावर दुरडी ठेवली. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. सरांना कोण बोलणार?

तिसरा नंबर आला. “याला म्हणतात फिनिशिंग,” परीक्षक म्हणाले. बक्षीस होतं प्लास्टिकचा डबा, तोही प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला, आणि तो दिला ‘प्लास्टिक हटवा’ लिहिलेल्या फ्लेक्सखाली. चिडून तरी कुणावर चिडणार? टाळ्या मीही वाजवल्या.

उन्हाळ्यात एका अर्जावर पालकांची सही हवी होती म्हणून त्या मुलीच्या घरी गेलो. आईने जेवल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवलंच होतं. दुरडी टीव्हीशेजारी, प्लास्टिकची फुलं घालून ठेवलेली.

“हिच्यात भाकरी नाही ठेवत?” मी मूर्खासारखं विचारलं.

“चारदा पुसून उन्हात ठेवली, सर. रंगाचा वास जाऊनच न्हाई राह्यला. भाकरीला लागतो.” मग माझं तोंड बघून घाईने म्हणाली, “पर दिसती झकास! तुम्ही लई मेहनत घेतली.”

तिने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

“मग दुसरी विणायची,” मी म्हणालो.

“आता फोक कुठले? पुढच्या साली तूर निघंल तवाच.”

तिने बक्षिसाचा डबा उघडला. झाकणाच्या आत पाणी जमलं होतं. सकाळची ज्वारीची भाकरी खालून ओली आणि चिकट झाली होती. “घामेजती ह्याच्यात,” ती ओशाळून म्हणाली, जणू चूक तिचीच होती.

मी ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. आणखी वाढू का, असं तिने विचारलं, तर हो म्हणालो.