हेझलचा प्लॅस्टरमधला हात

आम्ही शूटिंगवाले दोघे जरी भेटलो तरी किस्से सुरू होतात. बाकीच्यांना ते आठवावे लागतात. माझ्याकडे त्यांचे फोटो असतात! फोनची मेमरी भरली म्हणून मुलगा ओरडतो, पण डिलीट काय करू? एकेका फोटोमागे एकेक भानगड आहे.

माझं काम कंटिन्युइटीचं. एकच प्रसंग दहा वेळा थांबून दहा वेळा शूट होतो. तेव्हा कप कुठल्या हातात होता, ग्लासात पाणी किती होतं, बटण लावलेलं होतं की उघडं, हे लिहून ठेवायचं, फोटो काढायचे आणि कुणी चुकलं की सांगायचं. थोडक्यात, संशय घेण्याचा पगार मिळतो. नवरा म्हणतो, "वंदना, तू देवळातून बाहेर पडलीस की आधी लोकांच्या पायांकडे बघतेस."

बघते! एकदा गेली आहे माझी चप्पल.

* * *

तर नीलचा पहिला सिनेमा. नील माझ्या मैत्रिणीचा मुलगा, जन्म दुबईचा. मराठी सगळं कळतं, उत्तर बहुतेक इंग्लिशमध्ये. दुबईतच रास अल खोर भागात एक रिकामं गोदाम घेतलं होतं, तिथेच सेट. गोष्ट छोटी होती. एक इंग्रज विधवा, उजवा हात प्लॅस्टरमध्ये, रोज दुपारी गोदामाच्या वॉचमनबरोबर डबा खाते. विधवेच्या कामासाठी इंग्लंडहून हेझल नावाची नटी आली.

मी लगेच फोनवर शोधलं. प्रत्येक फोटोत केसांचा रंग वेगळा. माझी पाल तिथेच चुकचुकली.

"नील, कोण रे ही बाई?"

"आंटी, शी इज अमेझिंग! थर्टी इयर्स ऑफ इंडिपेंडंट फिल्म अँड टेलिव्हिजन."

"मग मी हिला कशी ओळखत नाही?"

"दॅट्स व्हॉट इंडिपेंडंट मीन्स, आंटी."

* * *

मी हेझलला कडक चहाच्या टपरीवर नेलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सरळ उलटतपासणीच घेतली. ती काही लपवेना, त्यामुळे मला जास्तच संशय आला.

"टीव्हीवर मी बहुतेक वेळा प्रेत असते," ती म्हणाली. खुनाच्या मालिकेत पहिल्या पाच मिनिटांत एक मेलेली बाई लागते, ती ही. दोनदा गळा दाबून, एकदा तळ्यात बुडून, एकदा जिन्यावरून ढकलून.

"आणि सिनेमे?"

"एका सिनेमाला नऊ प्रेक्षक आले होते. त्यातली एक माझी बहीण. आणि तीच दोनदा मोजली आहे."

मग तिने खुर्ची जवळ ओढली. नीलच्या सिनेमात ज्याचे पैसे होते तो लंडनचा निर्माता पुढे एक मालिका काढणार होता. त्यात डॉक्टरचं काम हिला देतो म्हणाला होता. आठ भाग.

"आणि वंदना, आठव्या भागातही मी जिवंत आहे!" नातवाचं बारसं सांगावं तशी सांगत होती.

अट एवढीच, की या शूटिंगचे रोजचे रिपोर्ट बघून तो नक्की करणार होता. कोण चुकलं, कितीदा चुकलं, सगळं त्यात असतं.

ते रिपोर्ट मी लिहिते, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं, हे तिने मला सांगितलं नाही.

* * *

तिसऱ्या दिवशी सेटवरचा स्टीलचा डबा गायब! हेझलच्या पिशवीतून त्याची कडी बाहेर डोकावत होती. मी पकडलंच.

"सॉरी, सॉरी! हॉटेलवर नेला होता." म्हणाली आणि टेबलावर डबा ठेवून डाव्या हाताच्या एका अंगठ्याने खटकन कडी उघडली. सिनेमात उजवा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून दोन दिवस ती हॉटेलवर जेवण, दात घासणं, वेणी, सगळं डाव्या हातानेच करत होती.

मला स्टीलच्या डब्याची कडी दोन्ही हातांनीही कधी नीट उघडत नाही. 

* * *

वॉचमनचं काम इक्बालभाईंना मिळालं, तो वेगळाच प्रकार. इक्बालभाई मूळचे श्रीवर्धनचे. इकडेच हमरिया बंदरावर एका कंपनीत स्टोअर सांभाळून रिटायर झाले आणि या गोदामाच्या चाव्या द्यायला म्हणून आले. नीलने त्यांचा चेहरा बघितला आणि गणवेशच घातला त्यांच्या अंगात.

पहिल्याच दिवशी त्यांनी सात टेक खाल्ले. "ताई, घरी खडाखडा बोलतो. कॅमेरा समोर आला की खलास!"

नील वैतागला. "अंकल, वन मोअर डे लाइक दिस आणि मला मुंबईहून प्रोफेशनल बोलवावा लागेल."

इक्बालभाई माझ्याकडे वळले. "श्रीवर्धनला सगळ्यांना फोन करून बसलोय हो. बायको तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन बघणार म्हणते. आता काय सांगू, की मला काढला?"

दुसऱ्या दिवसापासून मात्र इक्बालभाई सुधारले. चुकायला लागली ती हेझल!

* * *

आणि चूक तरी कसली! प्लॅस्टरमधल्या हाताने सरळ कप उचलायची. कट! पुढच्या दिवशी त्याच हाताने केस मागे सारले. कट! मग चमचा. मग पाण्याची बाटली. मोडलेल्या हाताने बाटलीचं झाकणसुद्धा पिळलं बाईने!

झोपेतसुद्धा डावा हात वापरणारी ही बाई कॅमेऱ्यासमोरच कशी विसरते? माझ्या डोक्यात नाही नाही ते आलं. पिते की काय? सिनेमा बुडवायला कुणी पाठवली की काय? पण रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट. "आर्टिस्टची चूक" या रकान्यात मी चारदा हेझलचं नाव लिहिलं.

निर्मात्याचा फोन आला. नीलने माझ्यासमोरच तिला सांगितलं, आणखी एक चूक दिसली तर डॉक्टरसाठी तो दुसरी बाई बघणार.

"फेअर इनफ," हेझल म्हणाली आणि चहाचा कप उचलला. डाव्या हाताने.

* * *

शेवटच्या दिवशी सकाळी बघते तर इक्बालभाईंच्या गणवेशाचं वरचं बटण दोऱ्याला लोंबकळतंय.

"इक्बालभाई, हे कुणी पिळलं?"

"कुणास ठाऊक, ताई."

बटण कधी सैल झालं हे शोधायला मी फोनमधले फोटो उघडून बसले. प्रत्येक टेक थांबला की मी जिथल्या तिथे फोटो घेते. चांगल्या टेकमध्ये इक्बालभाईंचा हात मांडीवर. हेझलने कप उचलला तो फोटो: इक्बालभाईंचा हात बटणावर. केस सारले तो: हात बटणावर. चमचा, बटणावर. बाटली, बटणावर, आणि कपाळावर घाम.

पुढचं वाक्य आठवेनासं झालं की माणूस बटण पिळत होता. आणि ते दिसलं की त्याच्या आधी ती चुकत होती.

चारही रिपोर्ट माझ्या सहीने लंडनला गेले होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. बटण शिवताना दोनदा सुई टोचून घेतली.

* * *

शेवटचा प्रसंग. वॉचमन तिला सांगतो, की बायकोला दोन वर्षांत परत येतो म्हणून निघालो होतो, त्याला तीस वर्षं झाली. तीनच वाक्यं. इक्बालभाईंची स्वतःची कथा तरी काय वेगळी होती? दोन वाक्यं छान झाली.  तिसऱ्याला ते थांबले आणि त्यांचा हात बटणाकडे निघाला.

टेबलावर प्लॅस्टरमधली बोटं हलली. समोर कप होता.

"कट!"

सेटवर 'कट' म्हणायचा हक्क एकट्या दिग्दर्शकाचा. एवढ्या वर्षांत मी तो शब्द कधी उच्चारला नाही. सगळे माझ्याकडे वळले.

"आंटी! व्हॉट द... का?"

"माझी चूक. मला वाटलं, डबा दुसरीकडे होता. नव्हता. सॉरी. इक्बालभाई, पाणी प्या निवांत. हेझल, कप जरा लांब ठेव."

पुढच्या टेकला इक्बालभाई तिन्ही वाक्यं बोलले. नील डोळे पुसत होता आणि एसीला नावं ठेवत होता.

त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये आर्टिस्टचा रकाना कोरा. खाली लिहिलं: "कंटिन्युइटीची चूक, एक." सही माझीच.

दुसऱ्या दिवशी सामान आवरताना लंडनचा फोन येऊन गेला. नील म्हणाला, "ही इज हॅपी विथ हेझल. शी गॉट द डॉक्टर! पण आंटी, तो म्हणतो तुम्ही डोळे चेक करून घ्या."

हेझल समोर येऊन बसली. प्लॅस्टर अजून हातावरच होतं. डाव्या अंगठ्याने तिने डब्याची कडी उघडली आणि उजव्या हाताने डबा माझ्याकडे सरकवला.

"वंदना," ती म्हणाली, "तू फार वाईट ॲक्टिंग करतेस."