एका टोकनावर दोन मुली

“फोटो हिचा, अर्ज तिचा. सरळसरळ डमीचा प्रकार आहे हा,” सचिव सर म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

वसमत भागातल्या एका नर्सिंग कॉलेजची प्रवेशाची वेबसाइट मी बनवली होती. अश्विनी नावाच्या मुलीच्या अर्जावर डोंगरकड्याच्या सुनीताचा फोटो लागला होता. सुनीताच्या स्वतःच्या अर्जावर फोटोच नव्हता. सरांनी दोघींना बोलावून घेतलं होतं. पाचला यादी बंद होणार होती आणि त्याआधी दोन्ही अर्ज बाद करायचे, हे त्यांचं ठरलेलं होतं.

अश्विनी नुसती रडत होती. सुनीता मात्र ताठ उभी. “सर, आमी एकमेकीला ओळखत पण न्हाई. मी शिकायला आले, डमी बसायला न्हाई. गावात ही गोष्ट कवाच पोचली. नाव काढून टाकलं तर मी खोटी ठरते.”

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तिची दया आली नाही. मला कोडं पडलं. दोन अनोळखी मुलींचे अर्ज एकमेकांत घुसतात कसे? शंभरदा तपासलेली वेबसाइट होती ती. मी सरांकडे चार वाजेपर्यंतचा वेळ मागितला. त्यांनी तो दिला, पण वेबसाइट तुमची म्हणून तुम्हाला पुळका, असा टोमणा मारला. तो मुकाट्यानं घेतला, कारण खरा होता.

अर्ज भरला कुठं, असं दोघींना विचारलं. वारंगा फाट्यावर मंदाताईंच्या सेवा केंद्रात, एकाच दुपारी. मी मोटारसायकल काढली.

केंद्रात कॉम्प्युटर एक आणि बाकावर पाच जण. मी मंदाताईंना चाचणीसाठी केलेली दोन लॉगिनं दिली. म्हटलं, ह्या दोन पोरी समजा आणि रोजच्यासारखं काम करा. पहिलीचा फोटो मोठा निघाला असंही समजा. बाई क्षणभर थांबल्या नाहीत. पहिलीला फोटो लहान करून आणायला शेजारच्या स्टुडिओत पाठवलं असं धरून त्यांनी नवी टॅब उघडली आणि दुसरीचं लॉगिन केलं.

“ताई, पहिलीचं लॉगआउट काहून न्हाई केलं?”

“तिचा भरलेला फॉर्म मिटून जाईल ना. अन् ती येईपर्यंत दुसऱ्या लेकराला काहून बसवून ठेवू? त्यांची बस जाते.”

बराबर होतं त्यांचं. दुसरीचा अर्ज पुरा झाला. मग त्या पहिल्या टॅबवर आल्या, पहिलीचा फोटो निवडला आणि बटण दाबलं. फोटो थेट दुसरीच्या अर्जात, तिच्या फोटोच्या जागी जाऊन बसला. मला इतका आनंद झाला की मी “सापडला!” म्हणून ओरडलोच. मंदाताईंनी पाय वर घेतले आणि विचारलं, “उंदीर का?”

घडलं ते असं. सर्व्हर, म्हणजे वेबसाइट चालवणारा कॉम्प्युटर, फार विसरभोळा असतो. प्रत्येक क्लिकला त्याला वाटतं, कुणी नवाच माणूस आला. म्हणून तो ब्राउझरला एक टोकन देतो, सायकल स्टँडवर देतात तसं. पासवर्ड जुळला की लॉगिनची स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला प्रोग्राम, त्या टोकनापुढं अर्जदाराचा नंबर लिहून ठेवते. ह्या नोंदीला सेशन व्हेरिएबल म्हणतात. पण टोकन ब्राउझरला एकच मिळतं, टॅब कितीही उघडा. दुसरीनं लॉगिन केलं की माझी स्क्रिप्ट पहिलीचा नंबर खोडून दुसरीचा लिहायची. त्या दुपारी जुन्या टॅबवर नाव सुनीताचं दिसत होतं, सर्व्हरच्या लेखी मात्र तिथं अश्विनी होती. टोकनापुढं आधीच कुणाचा नंबर आहे का, हे मी तपासलंच नव्हतं.

परत येऊन सर्व्हरच्या नोंदी सरांपुढं ठेवल्या. एकच टोकन, आधी सुनीताचं लॉगिन, मग अश्विनीचं, मग तो फोटो. सरांनी दोनदा वाचलं, मग दोन्ही फोटो जागच्या जागी लावायला सांगितलं. पाचच्या आत दोघी यादीत आल्या. मला वाटलं, मिटलं.

सुनीता हलेना. म्हणाली, “सर, हे लेखी द्या. तोंडी सांगितलेलं गावात कोणी मानत न्हाई.”

“चूक कोणाची म्हणून लिहू?” सरांनी मला विचारलं.

ऑपरेटरची, म्हणजे मंदाताईंची, म्हणालो असतो तर त्यांनी लगेच लिहिलं असतं. जीभ वळवळली, नाही असं नाही. पण त्या बाईंनी पोरींची बस चुकू नये म्हणून दोन टॅब उघडल्या होत्या. “माझी लिहा,” म्हणालो आणि खाली सही केली. सुनीतानं कागद नीट वाचला, माझं नाव बोट ठेवून वाचलं, मगच घडी घातली.

आता प्रत्येक फॉर्मसोबत त्या मुलीचा नंबर जातो. टोकनापुढच्या नंबरशी तो जुळला नाही तर काहीच जतन होत नाही. मंदाताईंना वेगवेगळ्या मुलींसाठी वेगळे ब्राउझर उघडायला शिकवलं. मी वेबसाइट तपासली होती ती एकटा, शांत खोलीत, एका टॅबवर. तशी ती फाट्यावर कुणीच वापरत नव्हतं.