नुसता आकडा चालत नाही

माझ्या थोरल्या साडूंसमोर नुसता आकडा बोलून सुखरूप सुटलेला माणूस अख्ख्या अहमदपूर तालुक्यात सापडायचा नाही. हयातभर त्यांनी तिथल्या कॉलेजात अकरावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, आणि त्यातला पहिला धडा इतक्या प्रेमानं शिकवला, की दुसऱ्या धड्याला दिवाळी उजाडायची. द्रव्य म्हणजे काय आणि ते मोजायचं कसं, एवढं ज्याला समजलं त्याला उरलेलं आपोआप समजतं, असं त्यांचं मत. उरलेलं कुणाला समजलं का, ते मला माहीत नाही. पण त्यांचे विद्यार्थी आजही बाजारात 'दोन द्या' म्हणत नाहीत, 'दोन किलो द्या' म्हणतात, आणि म्हणताना एकदा मागं वळून बघतात. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. मीही म्हणतो. त्यांची बायको, म्हणजे आमची आक्का, तीसुद्धा सरच म्हणते. फक्त तिच्या तोंडून तो शब्द तक्रारीसारखा ऐकू येतो.

एकदा आम्ही दोघं एसटी स्टँडवर उभे होतो. सरांनी शेजारच्या माणसाला लातूरची गाडी कधी आहे म्हणून विचारलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "दहा."

"दहा काय?"

"दहा म्हंजे... दहा."

"दहा मिनिटं, दहा वाजता, की दहा गाड्या सोडून?"

त्या माणसानं मळलेली तंबाखू टाकून दिली आणि तो दुसऱ्या फलाटावर जाऊन उभा राहिला. एककाशिवायचा आकडा म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, पोचणार कुठं, असं सर मला समजावत राहिले. तेवढ्या वेळात लातूरची गाडी येऊन गेलीसुद्धा.

डॉक्टरांशीही त्यांचं हेच. "सर, वजन वाढलंय," असं डॉक्टर म्हणाले, तर हे म्हणतात, "वस्तुमान वाढलंय. वजनाचं काय, चंद्रावर गेलो तर आपोआप उतरेल." डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी. त्यानं शांतपणे लिहून दिलं, की तिकडे जाईपर्यंत गोड बंद. दिवाळीत चिवड्याची बशी पुढं आली की सर आधी सगळे शेंगदाणे वेचून खातात, मग खोबरं, मग डाळं. कुणी टोकलं, तर मिश्रणातले घटक साध्या भौतिक पद्धतीनं वेगळे करता येतात हे दाखवतोय, असं सांगतात. आक्का मग उरलेले कोरडे पोहे आमच्यापुढं सरकवत म्हणते, "घ्या, तुम्ही आता उरलेलं शास्त्र खा."

अशा घरात पोरगी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त भ्याली ती पोरगीच. स्वाती ही सरांची एकुलती एक लेक. नांदेडला शिकायला होती, तिथंच अर्धापूरचा एक मुलगा तिच्या मनात भरला. घरची केळीची शेती, शिवाय ठिबकच्या सामानाचं स्वतःचं दुकान. तिनं ते आक्काला सांगितलं, आक्कानं माझ्या बायकोला, बायकोनं मला. सरांना मात्र 'स्थळ आलंय' एवढंच कळवलं होतं. त्या सकाळी स्वातीनं मला परसात गाठलं.

"काका, आजच्या दिवस बाबांना एकक विचारू देऊ नका. पाया पडते."

मी शब्द दिला आणि सरांच्या शेजारी, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसलो.

पाहुणे आले. मुलगा शांत, आई हसरी, वडील मात्र दणदणीत आवाजाचे. येताना केळीचा अख्खा घड घेऊन आले होते, तो त्यांनी बैठकीत मधोमध ठेवला. बोलायला सुरुवात व्हावी म्हणून मीच मुलाची उंची विचारली.

"पाच-आठ," वडील म्हणाले.

मी सरांचा गुडघा दाबला. काही उपयोग झाला नाही.

"पाच-आठ काय?"

"फूट-इंच की हो! दुसरं काय असतंय?"

"बूट घालून, की काढून?"

वडिलांनी मुलाच्या पायांकडं पाहिलं. सरांनी शेतीकडं मोर्चा वळवला. शेती किती? बारा. बारा काय, एकर की हेक्टर? मोजणी झालेली आहे, की आपला अंदाज? वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली.

"गुरुजी, तुम्ही आमच्या पोराला बघून राहिलात, का तपासून राहिलात? आमालाबी इज्जत हाय."

"सर!" आतून आक्का ओरडली. स्वाती दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती, तिचे डोळे भरून आले होते. आता हे लोक उठणार, असं मला वाटलं. वडील उठलेच. पण ते दाराकडं न जाता घडाकडं गेले आणि त्यावर थाप मारून म्हणाले,

"हा घड बघा! बत्तीस किलो सातशे ग्रॅम! किलोबी सांगितलं, ग्रॅमबी सांगितलं. आता बोला काय बोलायचंय ते!"

सर काही बोलायच्या आत मुलानं तोंड उघडलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

"बाबा, आपला काटा अर्ध्या किलोच्या खालचं दाखवत न्हाई."

"मंग?"

"मग सातशे ग्रॅम कुठून आणले? साडेबत्तीस किलो म्हणा. तेबी थोडं इकडंतिकडं."

सर उठले, मुलासमोर गेले आणि त्याचे दोन्ही खांदे धरून म्हणाले, "हेच! पोरांना हेच सांगून सांगून घसा बसला माझा. मापाला जेवढं दिसतं तेवढंच माणसानं बोलावं. पुढचे आकडे म्हणजे नुसत्या थापा. कुणी शिकवलं तुला हे?"

मुलानं दाराकडं पाहिलं. खोटं बोलणं त्याच्या स्वभावातच नसावं.

"तुमच्याच मुलीनं."

स्वातीनं ट्रे पटकन खाली ठेवला. सर एकदा तिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले. पहिल्यांदा आक्का हसली. मग मुलाचे वडील म्हणाले, "म्हंजे हे आधीच ठरून राहिलंय होय?" आणि मांडीवर हात मारून असे हसले, की शेजारचे लोक खिडकीत आले. "सुरी आना वो ताई! कापा हा घड, किती का भरंना!"

नंतर मी सरांना विचारलं, तुम्हाला आधी काहीच कळलं नव्हतं का? ते म्हणाले, "शंका होती. मागं आलेल्या हिंगोलीच्या स्थळाला हिनं दहा मिनिटांत नाही म्हटलं होतं, आणि याच्यासाठी सकाळपासून रडत होती. म्हटलं, जरा अजून निरीक्षण करू."

लग्न थाटात झालं. लेकीला निरोप द्यायला सर पुढं आले. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून जपलेलं काचेचं मोजपात्र त्यांनी टॉवेलात गुंडाळून तिच्या हातात दिलं आणि ते मांडवामागं निघून गेले.

परवा सर आणि मी अर्धापूरला तिच्या नव्या घरी गेलो. खिडकीत ते मोजपात्र होतं आणि त्यात निशिगंधाच्या काड्या. शिकलेल्या माणसानं दिलंय म्हणजे चांगल्यातली फुलदाणीच असणार, असं समजून तिच्या सासूनं फार कौतुकानं मांडलं होतं. स्वातीनं माझ्याकडं पाहून जीभ चावली. सर खिडकीपाशी गेले. वर्गात शिकवायचे तसे गुडघ्यात वाकले, डोळा पाण्याच्या रेषेत आणला. आता मिलिलिटर ऐकायला मिळणार म्हणून स्वाती आणि मी थांबलो.

"पाणी कमी झालंय गं," आमच्याकडं न वळता ते म्हणाले, "थोडं घाल."

स्वाती तांब्या भरून घेऊन आली, तरी ते वाकलेलेच होते.