नर्सरीतली आरोळी

कढीपत्त्याचं रोप आणायला नर्सरीत गेले, तर मालकाचा चेहरा पांढराफटक रंगवलेला, डोळ्यांभोवती काळं. मागच्या शेडमध्ये त्याचे तीन मित्रही तसेच रंगून गिटार जुळवत होते.

"आमचा ब्लॅक मेटलचा बँड आहे, काकू, त्यात तोंडं अशीच रंगवतात. रानावरची गाणी, पण ओरडून. नऊ वर्षांनी पुन्हा जमलोय."

मध्येच का सोडलं होतं, असं विचारलं तर तो हसला. "रानासाठी घसा फोडत होतो आणि एकही झाड लावलेलं नव्हतं."

रोप घेऊन फाटकाशी पोचले आणि मागून कडा कोसळावा तशी आरोळी उठली. मनापासून ओरडायलासुद्धा आधी काहीतरी जपावं लागत असेल, असं वाटून गेलं. तेवढ्यात आरोळी थांबली आणि शेडमधून ते रंगवलेलं डोकं बाहेर आलं.

"काकू, अधूनमधून ताक घाला त्याला."

डोकं आत गेलं आणि कडा पुन्हा कोसळू लागला.