जतची कॅप्टन

आमच्या घरात एक काळं घोंगडं आहे. बायकोला वाटतं, एका खेळाडूच्या वडिलांनी ते मला आदरानं दिलं. ते खरंच आहे. पण त्याच्या मागचं जे आहे ते मी तिला सांगितलेलं नाही. तिलाच काय — मुलाला नाही, सकाळी सोबत फिरायला येणाऱ्यांना नाही, कुणालाच नाही. सोळा-सतरा वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. बघू.

गेल्या महिन्यात कॉलेजातून फोन आला. कऱ्हाडच्या बाजूच्या त्या कॉलेजात मी शारीरिक शिक्षण शिकवायचो. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं होत आली. तिथं आता बास्केटबॉलचं नवं मैदान झालंय, वर पत्र्याचं छत वगैरे. मुलींच्या संघानं एकदाच विद्यापीठाची स्पर्धा जिंकली होती, त्या संघाचा फलक भिंतीवर लावायचाय. नाव आणि नावापुढे गाव. फोनवरचा तरुण प्राध्यापक म्हणाला, "सर, तेवढं कॅप्टनचं नाव नीट कळवा. जुन्या रजिस्टरात तिथं खोडलेलं दिसतंय."

खोडलेलं आहे. मीच खोडलंय.

गावांचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या संघात तेव्हा दोन स्नेहल आणि तीन पूजा होत्या. "पूजा, पास!" म्हटलं की तिघी वळायच्या. म्हणून मी मैदानात गावाच्या नावानं हाका मारायला लागलो, आणि मुलींनीही तेच उचललं. उंब्रज, शिराळा, जत. कॉलेजची पोरं कडेला उभी राहून मजा बघायची. "ए उंब्रज, हायवेच्या मधी उभी राहिल्यागत काय राहिलीयास, सरक की!" शिराळ्याच्या पूजानं बॉल धरून ठेवला की बाकीच्या ओरडायच्या, "आज पंचमी हाय व्हय गं? बॉल हाय त्यो, नाग न्हवं — सोड!" तीही हसायची आणि बॉल सोडायची.

जत म्हणजे मायाक्का. उंच, शेलाटी, बोलायला कमी. घरचा मेंढरांचा कळप. लांब गेलेलं मेंढरू खडा मारून वळवायची तिला लहानपणापासून सवय, त्यामुळे तिचा पास जिथं हवा तिथंच जायचा. एवढं पळायला कुठं शिकलीस, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ती म्हणाली, "आमच्याकडं टँकर आला की जी आदी पोचती तिला पाणी, सर. हितं तर नुसता बॉल हाय."

मुली अशा सहज मिळत नव्हत्या. प्रत्येकीच्या घरी मी स्वतः जायचो. चड्डी घालून खेळायचं, परगावी राहायचं — कोण पाठवणार? संमतीपत्रावर सही नंतर व्हायची, आधी शब्द द्यावा लागायचा. मी सगळीकडे एकच शब्द दिला होता: मुलगी मी घेऊन जातो, मीच दारात आणून सोडतो. आणि तसं करायचोही. स्पर्धा संपली की भाड्याची जीप गावोगाव फिरायची, एकेक मुलगी तिच्या उंबऱ्याशी उतरायची, आई बाहेर यायची, मग जीप पुढे. जतच्या वस्तीवर गेलो तेव्हा मायाक्काच्या वडिलांनी मला काही फारसं विचारलं नाही. फक्त, "परत कोन आननार?" मी म्हणालो, "मी." त्यांनी मान हलवली आणि घरात असलेल्या पाण्यातलं तांब्याभर मला दिलं.

मी मुद्द्यावर येत नाहीये. कळतंय मला.

अंतिम सामना सांगलीत होता. एकीला ताप, एकीची परीक्षा, दोघींच्या घरून ऐनवेळी नकार — करता करता सहाच मुली हाताशी राहिल्या. पाच मैदानात, एक बाहेर. आणि त्याच दिवशी सकाळी, उपांत्य सामन्यात, उंब्रजच्या स्नेहलचा गुडघा मुरगळला. मी बघितला. सुजलेला होता. ती म्हणाली, "सर, पाय टेकवत न्हाई." मी दुखण्यावरचा फवारा मारला, पट्टी घट्ट बांधली आणि तिला बाकावर बसवलं. इथपर्यंत माझं चुकलं नव्हतं.

शेवटची तीन मिनिटं राहिली असताना आमच्या एका मुलीला पाचवा फाउल लागला. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. आता मैदानात चौघी, आणि बाकावर स्नेहल. आम्ही एका गुणानं मागे होतो. मी पंचांकडे वेळ मागून खेळ थांबवला. मुली घामानं निथळत माझ्याभोवती उभ्या राहिल्या. मी स्नेहलकडे बघतोय हे मायाक्कानं ओळखलं. ती कॅप्टन होती. सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, तिला नगा घालू. आमी चौगी खेळतो."

चौघींनी खेळता येतं. नियम आहे तसा. हरलो असतो बहुतेक — पण खेळता आलं असतं.

मी स्नेहलला म्हणालो, "ऊठ. तीन मिनिटं. फक्त लांबून टाक, पळू नकोस."

तिनं टाकला. तोच शेवटचा बास्केट, आणि आम्ही एका गुणानं जिंकलो. पण उडी मारून खाली येताना तिचा पाय असा वळला की तिचं ओरडणं टाळ्यांच्या वर ऐकू आलं. त्या संध्याकाळी जीप गावोगाव फिरली नाही. मिरजेच्या दवाखान्यात गेली.

स्नेहलचे वडील पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. गावात उसाची मोठी जमीन, संस्थेच्या कार्यकारिणीत दोन नातलग. चौथ्या दिवशी ते दोन जीपा भरून माणसं घेऊन कॉलेजवर आले. प्राचार्यांच्या खोलीत मोठं टेबल होतं, त्याच्याभोवती दहाजण बसले. सुभेदार ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित — नाही, ते राहू द्या. ते एवढंच म्हणाले, "सर, पोरगी तुमच्या शब्दावर दिली हुती. मला जिम्मेदार कोण, त्येवढं सांगा. मला नाव पायजे."

तुम्हाला कधी असं झालंय का, की तोंड उघडायच्या आधीच आपण काय बोलणार ते आपल्याला ठाऊक असतं? माझ्या तोंडून नाव आलं नाही. गाव आलं. रोजच्या सवयीनं.

"जत," मी म्हणालो.

आणि मग पुढचं. "मी नको म्हणत होतो. कॅप्टननं तिला आत बोलावलं. मैदानावर कॅप्टनचं चालतं."

हे शेवटचं वाक्य मी ज्या सहजपणे बोललो, ते मला अजून ऐकू येतं. बास्केटबॉलमध्ये कुणाला आत घालायचं ते बाकावरचा प्रशिक्षक ठरवतो. कॅप्टन नाही. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, ज्यानं हा खेळ कधी खेळलाय. पण त्या टेबलाभोवती सगळे कबड्डीत आणि कुस्तीत वाढलेले. बास्केटबॉल कळणारा तिथं मी एकटा होतो. मी ते जाणूनच बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मायाक्काला आत बोलावलं. प्राचार्यांनी विचारलं, "कॅप्टन तूच ना?" ती म्हणाली, "व्हय." "स्नेहलच्या पायाला लागलंय, हे तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "व्हय, माहीत हुतं." मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. तिला तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही.

तिला संघातून काढलं. खेळाडू म्हणून वसतिगृहात मिळालेली जागाही गेली. जतहून रोज येऊन कॉलेज करता येत नाही, हे मला सगळ्यात आधी माहीत होतं. ती दुसऱ्या वर्षाला होती.

बाकीच्या मुली? मी वेळ मागितल्यावरचं बोलणं त्या चौघींनी ऐकलं होतं. मी त्यांना मैदानाच्या कोपऱ्यात जमवून सांगितलं, "आता कुणी काही बोललं तर संघ बंद होईल. पुन्हा तुमच्या घरचे कुणी पाठवणार नाहीत." समजावण्याच्या सुरात सांगितलं. ती धमकी होती. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी, काय करणार होत्या? स्नेहल दोन महिन्यांनी कुबड्या घेऊन आली. माझ्या दारात उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि नमस्कार न करता निघून गेली. तिनं घरी खरं सांगितलं असणार. पण सुभेदारांना पुढे स्थळं बघायची होती. गुडघ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

अजून मी तळाशी पोचलेलो नाही.

जत का? बाकीच्या चौघी होत्या, त्यांच्यातल्या एकीनं परस्पर स्नेहलला उठवलं असंही सांगता आलं असतं. "घाईत कुणी बोलावलं कळलं नाही," असं म्हणता आलं असतं. पण शिराळ्याच्या पूजाचा मामा पंचायतीत होता. इतर तिघींचे बाप-भाऊ दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले असते. मी त्या टेबलाशी बसून, एका क्षणात, सगळी गावं मनात फिरून आलो — जशी जीप फिरायची तशी. आणि जिथून कुणी येणार नाही असं गाव निवडलं. लांबचं, कोरडं, दोन एसट्या बदलून यावं लागतं असं. तिथून कोण येणार मला जाब विचारायला? ज्या हाकेनं त्या मुली एकमेकींच्या झाल्या होत्या, तीच हाक मी अशी वापरली.

पण जतहून माणूस आला.

तिचे वडील आले, तिची पेटी न्यायला. डोक्याला लाल फेटा, काखेत गुंडाळलेलं काहीतरी. मी माझ्या खोलीत त्यांना बसा म्हटलं, ते दाराजवळच उभे राहिले. मागे मायाक्का, पेटीचं कडं धरून. मला वाटलं, आता हा माणूस मला विचारणार, परत कोण आणणार होतं? माझे हात टेबलाखाली होते. ते म्हणाले, "आवं सर, पोरगी आमची हूड हाय. तुमी येवढा जीव लावला आन तिनं तुमचं ऐकलं न्हाई. दुसऱ्याच्या लेकराचा पाय गेला. माफी करा."

आणि काखेतली गुंडाळी टेबलावर ठेवली. घोंगडं होतं. स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं. "ही कॅप्टन झाली तवाच विणाय सांगितलं हुतं तुमच्यासाटी. आता कुठल्या तोंडानं द्यावं... पर विणलंय तर घ्या."

मायाक्का मागेच उभी होती. तिनं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. का नव्हतं सांगितलं? धाकटी बहीण पुढच्या वर्षी यायची होती म्हणून? वडील माझ्यावर विश्वास ठेवून होते म्हणून? मी याची बरीच उत्तरं करून पाहिली आहेत. प्रत्येक उत्तरात मला थोडं सुटल्यासारखं वाटतं, म्हणून एकही धरत नाही. मला माहीत नाही.

तेव्हा बोलायला एक वाक्य पुरलं असतं. खोलीत तिघंच होतो. मी म्हणालो, "असू दे. होतं असं." मी त्यांना माफ केलं — कळतंय ना तुम्हाला? मी त्यांना माफ केलं, आणि घोंगडं घेतलं.

ते दोघं मैदानाच्या कडेनं गेले. पेटी दोघांनी दोन बाजूंनी धरली होती. फाटकापाशी मायाक्का थांबली, तिनं पेटी खाली ठेवली, हात बदलला, आणि परत उचलली. मी खिडकीतून बघत होतो. जीप बोलावता आली असती.

धाकटी बहीण आली नाही. मी पुढची चार वर्षं मुलींच्या घरी जात राहिलो, तोच शब्द देत राहिलो. जतच्या बाजूला मात्र गेलो नाही. निवृत्तीनंतर एकदा जतच्या स्टँडवर उतरलो होतो. वस्तीकडे जाणारी वडापची जीप समोर उभी होती, ड्रायव्हर विचारत होता, "मामा, येणार काय?" मी चहा घेतला आणि मिरजेच्या गाडीत बसून परत आलो. मायाक्का आज कुठं आहे, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला एक फोन पुरेल, तोही मी केलेला नाही.

थंडीत बायको घोंगडं काढते, उन्हात झटकते, माझ्या अंगावर टाकते. चांगलं विणलंय, म्हणते. इतकी वर्षं झाली तरी एक धागा निघाला नाही.

फलकासाठीची यादी मी आज लिहिली. तुमच्यापाशी बोलणं जमलं; आता हाच मजकूर त्या यादीसोबत कॉलेजला जाईल. आधी बायकोला वाचून दाखवणार आहे. सहा नावं आहेत आणि सहा गावं. सगळ्यात वर: मायाक्का, कॅप्टन, जत. आणि खाली, रजिस्टरात जे त्या दिवशी लिहायला हवं होतं ते — शेवटच्या तीन मिनिटांत स्नेहलला प्रशिक्षकानं आत पाठवलं. कॅप्टननं नको म्हटलं होतं.