बिनखताचा पट्टा

आमच्या विभागात किस्से काही कमी नाहीत. दुसऱ्या ऑफिसांत असे किस्से निरोप समारंभाला सांगतात आणि लोक पोट धरून हसतात. आमच्याकडे सांगणाराच मान खाली घालतो. बहुतेक वेळा तो सांगणारा मी असतो.

काम तसं साधं. लातूर-नांदेडकडच्या शेतकऱ्यांच्या वावरात सोयाबीनचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्याला खताचा वेगळा डोस द्यायचा, एक पट्टा बिनखताचा ठेवायचा. पिकाचा उतारा मोजायचा, कॉम्प्युटरवर त्या आकड्यांचं गणिती मॉडेल बसवायचं आणि सांगायचं, की इथून पुढची बॅग परवडत नाही. आमचा कागद निघाला की माणसं तेवढंच खत टाकतात. आमची चूक फाइलमध्ये राहत नाही, सरळ त्यांच्या वावरात जाते.

*

अहमदपूरकडच्या व्यंकटरावांचा बिनखताचा पट्टा नेमका रस्त्याच्या कडेला आला. काढणीला बघतो तर तोच सगळ्यांत जोमदार! खताची गरजच नाही, असा निष्कर्ष टाइप करून मी मोकळा झालो. तो छापायला जाणार, तेवढ्यात त्यांचा फोन.

"साहेब, त्या पट्ट्यात म्या युरिया फेकलाय. पोरीला बघायला पाव्हणे येणार होते. रस्त्यालाच पिवळं दिसलं असतं. इज्जतीचा सवाल होता."

त्यांनी फोन केला नसता तर मी अख्ख्या तालुक्याला बिनखताचं पेरायला लावलं असतं.

*

एका शेतकरी मेळाव्यात मी पडद्यावर खताचा डोस दाखवला, पार दशांशापर्यंत काढलेला. मागून एक म्हातारे उठले.

"साहेब, आम्ही मुठीनं फेकतो. पॉइंटाच्या पुढचं कोणत्या बोटानं सोडायचं?"

सगळा मांडव हसला. मी गंभीरपणे म्हणालो, "हे मॉडेलचं आउटपुट आहे." ते वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात.

*

एकदा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी विचारलं, "तुझं मशीन काय म्हणतंय?" मी म्हणालो, एक बॅग पुरे. त्यांनी एकच टाकली. शेजाऱ्याचं पीक कमरेला लागलं, आमचं गुडघ्याला.

पारावर लोकांनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "पोरानं दोन सांगितल्या होत्या. म्याच ऐकलं न्हाई." मी त्यांच्या मागेच उभा होतो.

*

उमरीजवळच्या कलावतीमावशींच्या वावरात बिनखताचा पट्टा पूर्ण डोसाच्या बरोबरीनं पिकला. व्यंकटरावांमुळे मी पोळलेला. यांनीही खत फेकलं असणार असं धरून चाललो, विचारायलाही गेलो नाही. त्यांचे आकडे मॉडेलमधून काढले आणि शेरा मारला, 'शेतकऱ्याची ढवळाढवळ'. मग मॉडेल छान बसलं. पूर्ण डोसाची शिफारस छापून गावोगाव गेली.

पुढच्या हंगामात तिकडं गेलो, तर मावशी सगळ्या वावरात पूर्ण डोस टाकत होत्या. मी विचारलं, "मावशी, मागच्या वर्षी त्या पट्ट्यात काही टाकलं होतं का तुम्ही?"

"न्हाई बा. शेण पडंल म्हणून गुरंबी तिकडं जाऊ दिली न्हाईत. तुमचं मोजमाप चुकाया नको."

"मग बिनखताचं तेवढंच पिकतंय, तर यंदा एवढं खत कशाला?"

मावशींचा हात थांबला.

"तुमच्याच कागदात लिवलंय की, साहेब. माझं वावर धरूनच काढलं असंल ना तुम्ही?"